संपाच्या दिवशी परक्या शहरात एकटीने: सहल रद्द करू नका, थांबे पाठ करा

तुमचा प्रश्न असा आहे की, पुढच्या महिन्यात तुम्ही पहिल्यांदाच एकट्याने रोमला जात आहात, चार दिवसांपैकी एका दिवशी तिथे मेट्रो आणि बसचा संप जाहीर झाला आहे, आणि घरचे म्हणत आहेत की सहलच रद्द कर. तर अशा दिवशी एकट्या बाईने परक्या शहरात फिरायचे कसे?

रद्द करू नका. रोमचे शेवटी सांगते, कारण संपात सापडण्याचा माझा अनुभव पॅरिसचा आहे, आणि तुमच्या घरच्यांचे वाक्य मी माझ्या मोठ्या भावाच्या तोंडून शब्दशः ऐकलेले आहे.

फ्रान्समध्ये ५ डिसेंबर २०१९ पासून रेल्वे आणि मेट्रोचे कर्मचारी बेमुदत संपावर गेले होते. निवृत्तिवेतनाच्या ४२ वेगवेगळ्या योजना मोडून सर्वांना गुणांवर आधारलेली एकच योजना लागू करण्याचा सरकारचा विचार होता, आणि मेट्रोचालकांना लवकर निवृत्त होण्याची जी सवलत होती ती त्यात जाणार होती. पॅरिसची मेट्रो पूर्ववत व्हायला २० जानेवारी उजाडला. मी ९ डिसेंबरला, सोमवारी, शार्ल द गोल विमानतळावर उतरले. वय ४६, पहिलाच युरोपप्रवास, बरोबर कोणी नाही. हॉटेल मी दक्षिणेकडच्या दाँफेर-रोशरो भागात घेतले होते, ते एवढ्याच हिशेबाने की विमानतळावरून निघणारी आरईआर बी ही उपनगरी रेल्वेगाडी थेट तिथे जाते. संप जाहीर झाल्यावरही मी ते बदलले नाही, ही माझी चूक होती. संपाच्या काळात हॉटेलची जागा ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट असते, आणि ती आधीच हातातून गेली की बाकीची हुशारी पायांनाच करावी लागते.

विमानतळाच्या दाराशी एक गृहस्थ माझी बॅग धरू लागले आणि शहरात सोडायचे १४० युरो मागू लागले. अधिकृत टॅक्सीचे या प्रवासाचे भाडे बांधून दिलेले आहे, हे मी वाचून गेले होते. त्या वर्षी सीन नदीच्या उजव्या काठापर्यंत ५० आणि डाव्या काठापर्यंत ५५ युरो असा दर होता. मी नकार देऊन रांगेत उभी राहिले. त्या सोमवारी सकाळी पॅरिस परिसरातील रस्त्यांवर ६०० किलोमीटरहून अधिक लांबीची वाहतूक कोंडी झाली होती, आणि एरवी तासाभराच्या आत होणाऱ्या प्रवासाला मला अडीच तास लागले. परंतु भाडे बांधलेले असल्यामुळे मी ५५ युरोच दिले. संपाच्या दिवशी मीटरवर किंवा मागणीनुसार दर वाढवणाऱ्या ॲपवर विसंबू नये, हे मी त्या गाडीत बसूनच ठरवले.

मेट्रोबद्दल एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर बरे झाले असते. पॅरिसच्या १ आणि १४ क्रमांकाच्या मार्गांवरील गाड्यांना चालक नसतो, त्यामुळे बाकीचे बहुतेक मार्ग बंद असताना किंवा फक्त गर्दीच्या वेळी थोडे चालू असताना हे दोन मार्ग दिवसभर चालू होते. त्यांवर अर्थातच सगळ्या शहराचा भार होता. मी वीस वर्षे ठाण्याहून लोकलने कामाला जात आले आहे, तरीही शातले स्थानकात मला सलग तीन गाड्या सोडाव्या लागल्या. आता ४ क्रमांकाचा मार्गही चालकाविना चालतो, आणि १४ क्रमांकाचा मार्ग जून २०२४ पासून दक्षिणेच्या ओर्ली विमानतळापर्यंत गेला आहे. म्हणून पॅरिसला जाणाऱ्या कोणी संपाची तारीख पाहून ओर्लीचे विमान आणि या तीन मार्गांवरचे हॉटेल घेतले, तर त्यांचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

खरे सांगायचे आहे ते मंगळवारचे, १० डिसेंबरचे.

माझे वडील कराडला एसटीत वाहक होते. लहानपणी सुट्टीत ते मला त्यांच्या फेरीवर नेत आणि मार्गावरचे सगळे थांबे क्रमाने म्हणायला लावत. जाताना एक क्रम, येताना उलटा क्रम. एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरांचा, आणि कुठला टप्पा कुठे संपतो हे त्यांना खिडकीबाहेर न पाहता कळत असे. पॅरिसमध्ये सोमवारी रात्री मी शहराचा नकाशा पुढे घेऊन बसले, तेव्हा माझ्या लक्षात आले की ३८ क्रमांकाची बस उत्तरेकडून गार द्यू नॉर, गार द लेस्त, शातले, सँ-मिशेल, लुक्सांबूर, पोर-रोयाल असे करत दाँफेर-रोशरोला येते, आणि हा मार्ग जवळजवळ सरळ रेषेत आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसचे प्रशासक ओस्मान यांनी जुनी वस्ती कापून जे सरळ, रुंद रस्ते काढले, त्यांपैकीच हा उत्तर-दक्षिण रस्ता आहे. गार द्यू नॉरपासून माझ्या हॉटेलपर्यंतचे अंतर भरले साधारण सहा किलोमीटर, म्हणजे वडिलांच्या हिशेबाने एक टप्पा. मी ते थांबे कागदावर उतरवले, पाठ केले आणि झोपले.

सकाळी त्याच रस्त्याने उलट्या क्रमाने चालत माँमार्त्रच्या टेकडीवर गेले. तिथल्या साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांवरून सगळे शहर दिसते, आणि ते किती लहान आहे हेही दिसते. पॅरिस शहराची उत्तर-दक्षिण रुंदी दहा किलोमीटरसुद्धा नाही. चर्चगेटहून दादरला गेलात की तेवढेच अंतर होते. परक्या शहराची भीती ही पुष्कळदा मेट्रोच्या नकाशाने घातलेली भीती असते, कारण त्या रंगीत रेषांवरून अंतराचा अंदाज येतच नाही.

परत निघायला साडेतीन झाले. डिसेंबरात तिथे पाच वाजायच्या आत सूर्य मावळतो. बूलव्हार माजाँताने उतरून गार द लेस्तपाशी आले, तेव्हा पाऊस भुरभुरत होता आणि फोनची बॅटरी जपायची म्हणून नकाशा बंद करून ठेवला होता. त्याची गरजही पडली नाही. बस बंद असली तरी बसचे थांबे जागेवरच असतात, आणि प्रत्येक थांब्यावर त्याचे नाव व त्या मार्गाचा पूर्ण नकाशा लावलेला असतो. एक थांबा दिसला की मनात पुढच्याचे नाव म्हणायचे आणि तो येईपर्यंत चालायचे. बूलव्हार द सेबास्तोपोलवर मला जाणवले की मी एकटी चालतच नाही. कचेऱ्या सुटल्या होत्या, आणि सुटाबुटातले पुरुष, मुलांचे हात धरलेल्या आया, पिशव्या घेतलेल्या म्हाताऱ्या बायका असे सगळे शहर पदपथावर उतरले होते. एका बाईंनी माझ्या हातातला कागद पाहून काही विचारले. मी फक्त "दाँफेर-रोशरो" एवढेच म्हणाले, आणि त्यांनी हाताने समोरची सरळ दिशा दाखवली. पुढे त्या माझ्या बाजूने लुक्सांबूरपर्यंत एक शब्दही न बोलता चालत आल्या.

सँ-मिशेलच्या पुलावर आम्ही असताना दादाचा फोन आला. भारतात रात्रीचे दहा वाजून गेले होते. डाव्या हाताला नोत्र दामचे कॅथेड्रल होते, एप्रिलमधल्या आगीत शिखर गमावलेले, परांचीत गुंतलेले. दादा म्हणाला, "अगं, टीव्हीवर दाखवतायत. आत्ताच्या आत्ता टॅक्सी कर आणि हॉटेलवर जाऊन दार लावून बस. म्हणून सांगत होतो, टूरबरोबर जा." मी त्याला म्हणाले, "दादा, टॅक्सी तासाभरात पूलसुद्धा ओलांडणार नाही. मी चालते आहे आणि माझ्याबरोबर अख्खं शहर चालतंय." त्याला ते पटले नाही. आजही पटलेले नाही.

टूरबद्दल आता सांगते, कारण तुमच्या घरचेही बहुधा याच पर्यायाकडे बोट दाखवत असतील. दुसऱ्या दिवशी त्रोकादेरोच्या चौकात मला पुण्याहून आलेला एक मोठा गट भेटला. चाळीस माणसे, आणि त्यांची बस कोंडीत अडकल्यामुळे ती सगळी दोन तास थंडीत उभी होती. आयफेल टॉवर समोर दिसत होता, पुलावरून दहा-बारा मिनिटांच्या चालीवर. पण चाळीस माणसांना एकदम चालवत नेण्याची जबाबदारी त्यांचा व्यवस्थापक घेऊ शकत नव्हता, आणि त्याचे ते बरोबरच होते. गटातल्या एका काकूंनी मला विचारले, "एकट्याच आलात? आणि चालत?" मी हो म्हटल्यावर त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. वाहने थांबली की गट वाहनाला बांधलेला राहतो आणि एकटा माणूस मोकळा होतो. त्याला गर्दीत एक जागा मिळाली तरी पुरते, बेत बदलायला कोणाला विचारावे लागत नाही, आणि दमला तर तो जिथे आहे तिथेच बसू शकतो. दादाला मी हे सहा वर्षे सांगत आले आहे.

दादाचा राग खरे तर संपावर आहे, आणि तो पॅरिसच्याही आधीचा आहे. २०१७ च्या दिवाळीत एसटीचा चार दिवस संप झाला, तेव्हा तो बायको-मुलांसह स्वारगेटला अडकला होता. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी खासगी गाडीला चौपट पैसे मोजून तो कराडला पोहोचला, आणि पोहोचताच वडिलांच्या देखत कर्मचाऱ्यांना वाटेल ते बोलला. वडिलांनी तेहतीस वर्षे ती नोकरी केली होती. ते एवढेच म्हणाले, "गाडी बंद पडली की मगच वाहक दिसतो तुम्हाला." नंतर भाऊबीजेपर्यंत ते दादाशी बोलले नाहीत. मीही त्या दिवशी गप्प राहिले होते, याचे मला आजही वाईट वाटते. फ्रेंच भाषेत संपाला जो 'ग्रेव्ह' शब्द आहे, तो पॅरिसच्या नगरभवनासमोरच्या चौकाच्या जुन्या नावावरून आला. नदीकाठच्या त्या चौकात पूर्वी कामाच्या शोधात मजूर उभे राहत. बुधवारी मी मुद्दाम तिथे जाऊन थोडा वेळ उभी राहिले. परक्या देशात संपकऱ्यांना शिव्या देणाऱ्या प्रवाशांबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही. त्यांच्या निवृत्तीचा प्रश्न आपल्या चार दिवसांच्या सुट्टीपेक्षा मोठा असतो.

आता तुमचे रोम. तिथे मी २०२२ मध्ये तीन दिवस होते, तेव्हा संप नव्हता, पण नियम पॅरिसपेक्षा तुमच्या सोयीचे आहेत. इटलीत १९९० च्या कायद्यानुसार संपाच्या दिवशीही ठरावीक वेळात किमान सेवा चालू ठेवावी लागते. रोममध्ये ती वेळ साधारणपणे सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाच ते आठ अशी असते. नेमकी वेळ त्या संपाच्या सूचनेत दिलेली असते, ती आदल्या दिवशी पाहा. इटलीतले असे संप बहुधा एका दिवसाचे असतात. म्हणून साडेआठच्या आत सर्वांत लांबच्या ठिकाणी पोहोचा, दिवसभर तिथून चालत मागे या, आणि पाय थकले तर पाचनंतर मेट्रो घ्या. कोलोसियमपासून व्हॅटिकनपर्यंतचे अंतर चार किलोमीटरच्या आसपास आहे, आणि वाटेत पँथिऑन व नव्होना चौक लागतात, त्यामुळे ती चाल कोणालाही संप नसतानासुद्धा करावीशी वाटेल. हॉटेल तेर्मिनी स्थानकापासून चालत जाता येईल असे घ्या. बाहेरच्या उपनगरात घेतले असेल तर आजच बदला. फ्युमिचिनो विमानतळाहून जुन्या तटबंदीच्या आतल्या भागापर्यंत अधिकृत पांढऱ्या टॅक्सीचा दर तिथेही बांधलेला आहे. तो वाचूनच गाडीत बसा.

काही गोष्टी मी वर सांगायला हव्या होत्या. मला गुडघ्यांचा त्रास नाही आणि माझ्या पाठीवर फक्त लहान पिशवी होती. मोठी बॅग ओढत सहा किलोमीटर चालण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. त्या चाळीसजणांत सत्तरीपुढची माणसे होती, आणि त्यांच्यासाठी टूरची बस हाच योग्य मार्ग होता, हे दादालाही मी कबूल केले आहे. संध्याकाळी सातपर्यंत पदपथ भरलेले असतात, नऊनंतर ते ओस पडतात, तेव्हा त्याआधी परता. मोर्चाचा मार्ग आदल्या दिवशीच पाहून ठेवा: मंगळवारचा मोर्चा इन्व्हालिडहून निघून नेमका दाँफेर-रोशरोच्या चौकात संपणार होता, ते मला माहीत नव्हते, आणि पोलिसांच्या गाड्यांनी भरलेल्या त्या चौकाला वळसा घालून हॉटेल गाठायला मला जास्तीचा अर्धा तास लागला. घरच्यांना रोज एका ठरलेल्या वेळी, अंधार पडण्याच्या आधी, तुम्ही कुठल्या थांब्यापाशी आहात ते कळवा. आणि परतीचे विमान संपाच्याच दिवशी असेल, तर आदल्या रात्री विमानतळाजवळ मुक्काम करा. त्या एका बाबतीत पायांवर भरवसा ठेवू नका.