वाचक विचारतात : एक्स-रे दोनदा का काढला?

प्रश्न : माझे मामाजी ६८ वर्षांचे आहेत. महिनाभर खोकला आहे. ग्रामीण रुग्णालयात छातीचा एक्स-रे काढला, पण बाहेर आल्यावर परत आत बोलावून दुसरा काढला. आजार मोठा आहे म्हणून का? आणि दोनदा किरणं लागली, त्याचं काय? — एक वाचक, दारव्हा

उत्तर : परत बोलावलं म्हणजे आजार मोठा, असं नाही. बहुतेक वेळा पहिला फोटो बिघडलेला असतो.

पहिलं कारण श्वास. ‘खोल श्वास घ्या, रोखून धरा’ म्हटल्यावर वयस्कर माणसं श्वास घेतात आणि लगेच सोडूनही देतात. छाती पूर्ण भरली की फुप्फुसांखालचा पडदा खाली सरकतो आणि त्याच्या वर मागच्या नऊ-दहा फासळ्या मोजता येतात. अर्धवट श्वासात तळाचा भाग पांढुरका दिसतो, न्यूमोनियाचा भास होतो, हृदयही फुगलेलं वाटतं. घरीच चार वेळा सराव करून न्या. किरण सुटतो सेकंदाच्या छोट्या अंशात, पण त्या क्षणी खोकला आला तरी फोटो हलतो. ढास येत असेल तर आधीच सांगा, थांबतात.

दुसरं कारण उभं राहणं. छाती प्लेटला टेकवायची, हनुवटी वर, हात कमरेवर आणि कोपरं पुढे. कोपरं पुढे नेली नाहीत तर खांद्याची पाती फुप्फुसांवर येतात. किरण सोडणारी नळी पाठीमागे साधारण सहा फुटांवर असते. उभं राहवत नसेल तर समोरून, झोपवून काढतात. त्यात हृदय खऱ्यापेक्षा मोठं दिसतं. म्हणून रिपोर्टात ‘हृदय मोठं’ वाचून घाबरण्याआधी फिल्मवर ‘एपी’ (AP, म्हणजे समोरून काढलेला) लिहिलंय का ते पाहा.

तिसरं कारण अंगावरच्या वस्तू : ताईत, चेन, मंगळसूत्र, सेफ्टी पिन, खिशातली नाणी, गुटख्याची चकचकीत पुडी. बायकांची वेणी खांद्यावर राहिली तर तिची सावली नेमकी फुप्फुसाच्या टोकाला पडते आणि क्षयाचा डाग बहुधा तिथेच शोधतात. केस वर बांधून जा. कंबर किंवा पोटाचा फोटो असेल तर चांदीचा करदोडाही काढावा लागतो.

किरणांचं म्हणाल तर छातीच्या एका फोटोत साधारण ०.१ मिलिसीव्हर्ट किंवा त्याहून कमी मात्रा मिळते. जमीन, आकाश, हवा, अन्न यांतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतात. म्हणजे एक फोटो म्हणजे फार तर पंधरवड्याचा हिशेब. दोन फोटोंची चिंता नको. सिटी स्कॅनची मात्रा मात्र कितीतरी पट जास्त, तो ‘काढून टाकू’ म्हणून काढायचा नसतो.

एक महत्त्वाचं : दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासलीच पाहिजे. एक्स-रेतला डाग क्षयाचा संशय देतो, खात्री थुंकीच देते. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.

प्रश्न : सूनबाईला तिसरा महिना आहे. पडल्यामुळे मनगट सुजलं. एक्स-रे चालेल का? — एक वाचक, आर्वी

उत्तर : चालेल. मनगटाच्या फोटोत गर्भापर्यंत किरणं जवळजवळ पोचतच नाहीत. पण दिवस गेल्याचं खोलीत शिरण्याआधीच सांगा. पोट किंवा कंबरेचा फोटो असता तर डॉक्टरांनी सोनोग्राफीचा विचार केला असता. घरातल्या लहान मुलाचा एक्स-रे असेल तेव्हा त्याला धरायला मात्र तिला आत पाठवू नका, दुसऱ्या कोणी शिशाचा एप्रन घालून धरावं.

प्रश्न : मुलगा १७ वर्षांचा, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा रुग्ण. दोन महिने खुबा दुखतो, लंगडतो. एक्स-रे नॉर्मल आला. मग दुखतं कशानं? — एक वाचक, कुरखेडा

उत्तर : नॉर्मल एक्स-रेवर इथे थांबू नका. सिकलसेलमध्ये मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि ते हाड हळूहळू मरतं. हाड खचायला लागल्यावर किंवा त्याची घनता बदलल्यावरच एक्स-रेत दिसतं, त्याला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. एमआरआयमध्ये ते खूप आधी कळतं. हाडांच्या डॉक्टरांकडे सिकलसेलचं कार्ड आणि जुनी फिल्म घेऊन जा, दोन्ही खुबे तपासायला सांगा. दुसरा खुबा न दुखताही बाधित असू शकतो. तोवर ओझं उचलणं, उड्या मारणं बंद.

प्रश्न : मागच्या उन्हाळ्यातली फिल्म काळी पडली. खराब दिली होती का? — एक वाचक, तिवसा

उत्तर : बहुधा उन्हानं घात केला. आता मिळणाऱ्या बहुतेक डिजिटल फिल्मवर चित्र उष्णतेनंच उमटवलेलं असतं, त्यामुळे नंतरही जास्त ताप लागला की ती काळपट होते. मे महिन्यात टिनाच्या छताखाली, गाडीच्या डिकीत किंवा चुलीजवळच्या फळीवर ती टिकत नाही. पाकिटात घालून, घडी न करता, खालच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवा. काढतानाच सीडी मागून घ्या. काळी पडलीच असेल तर तारीख आणि नोंदणी क्रमांक घेऊन केंद्रात विचारा, संगणकात फाइल असेल तर नवी प्रिंट मिळते. मोबाईलवर उजेडाला धरून काढलेल्या फोटोवरून बारीक फ्रॅक्चर ठरवता येत नाही.