‘व्हिडिओ डिलीट कर’ असा दम मिळाला तर?

प्रश्न : मोर्च्यावर लाठीमार सुरू झाला तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभा राहून मोबाइलवर शूटिंग करत होतो. खाली पडलेल्या एका पोराला दोन पोलिस मारतच होते, तेवढं नीट आलं होतं. एका शिपायाने फोन हिसकावला, ठाण्यात नेऊन बसवलं आणि माझ्याच हाताने व्हिडिओ डिलीट करायला लावला. ‘पुन्हा दिसलास तर 353 लावीन,’ असा दम दिला. मित्र तिथलं बोलणं रेकॉर्ड करू लागला, तर त्याला ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्टची भीती घातली. फोन परत मिळाला, कागद एकही दिला नाही. माझा गुन्हा काय? आणि आता काही करता येईल का?

उत्तर : कायद्याचं नंतर बोलू. आधी फोनच्या गॅलरीतला ‘ट्रॅश’ किंवा ‘रीसेंटली डिलीटेड’ कप्पा उघडा. डिलीट केलेला व्हिडिओ बहुतेक फोनमध्ये साधारण 30 दिवस तिथे पडून असतो. गुगल फोटोजला बॅकअप चालू असेल तर तिथेही बघा. कुठेच नसेल तर त्या फोनवर नवीन शूटिंग, डाउनलोड काही करू नका. जुन्या जागेवर नवी फाइल बसली की तज्ज्ञाच्याही हाती फार काही लागत नाही.

आता गुन्ह्याचं. भर रस्त्यात ड्युटीवर असलेल्या पोलिसाचं चित्रीकरण करू नये असं सांगणारं कलम मला माझ्या वकिलीत कुणी दाखवलेलं नाही. पोलिस स्वतः प्रत्येक मोठ्या मोर्च्याचं शूटिंग करतात, ते कुणाला खटकत नाही. 353 हे जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम. 1 जुलै 2024 नंतरच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं कलम 132 लागतं, दम मात्र अजून जुन्याच नंबरने दिला जातो. या कलमाला सरकारी नोकरावर हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. हातात फोन धरून उभं राहणं यात बसत नाही. सांभाळायचं ते कलम 221, म्हणजे कामात अडथळा. ‘मागे हो’ म्हटल्यावर तुम्ही तिथेच अडून राहिलात की पोलिसांना धरायला जागा मिळते. म्हणून मी सगळ्यांना सांगते, मागे सरका, कॅमेरा चालू ठेवा आणि रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येईल असं म्हणा : ‘साहेब, मी मागे सरकतोय.’ एवढं वाक्य फाइलमध्ये असलं की अडथळ्याची गोष्ट रचणं अवघड जातं. जमावबंदी लागू असेल तर मात्र नुसतं तिथे थांबणंही अंगाशी येऊ शकतं. ते शूटिंगमुळे नव्हे, आदेश मोडल्यामुळे.

मित्राला घातलेली भीती तर अगदीच पोकळ आहे. सरकारी गुपितांच्या 1923 च्या त्या कायद्यात ‘प्रतिबंधित ठिकाण’ कशाला म्हणायचं याची व्याख्या दिलेली आहे आणि पोलिस ठाणं तीत येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2022 मध्ये स्पष्ट म्हटलं. त्या प्रकरणातही ठाण्यात चाललेल्या बोलण्याचं चित्रीकरण केलं म्हणूनच गुन्हा नोंदवला होता. तो रद्द झाला.

फोनचं. पोलिसांना वस्तू जप्त करण्याचा अधिकार आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 106 मध्ये. पण जप्ती म्हटली की पंचनामा आला, दंडाधिकाऱ्यांना कळवणं आलं, आणि आता कलम 105 प्रमाणे त्या कारवाईचं चित्रीकरणही आलं. तुमच्याकडे कागद नाही, म्हणजे ती जप्ती नव्हतीच. आणि डिलीट करायला लावायचा अधिकार तर कुठल्याच कलमात नाही. पुरावा म्हणून पुढे येऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हाच न्याय संहितेच्या कलम 241 खाली गुन्हा आहे.

तेव्हा लेखी तक्रार करा, पोलिस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तालय असेल तर आयुक्तांकडे. तारीख, वेळ, जागा, आणि शिपायाचं नाव किंवा बक्कल नंबर. तेही माहीत नसेल तर गाडीचा नंबर. त्याच अर्जात ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवण्याची मागणी करा, ही ओळ विसरू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 च्या आदेशात प्रत्येक ठाण्यात आवाजासह कॅमेरे बसवायला आणि फुटेज 18 महिने ठेवायला सांगितलं आहे. ती सोय नसेल तर जास्तीत जास्त काळ, पण वर्षापेक्षा कमी नाही. व्हिडिओ गेला असला तरी तुम्हाला तिथे बसवलं होतं, हे त्या फुटेजवरून दिसेल. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. राज्य मानवी हक्क आयोगाचा दरवाजाही आहे, मात्र घटनेपासून एका वर्षाच्या आत.

पुढच्या वेळेसाठी थोडं. लाठी सगळेच टिपतात, माणूस कुणी टिपत नाही. बॉडी प्रोटेक्टर चढवला की नेमप्लेट झाकली जाते. मग पाठीवरचा मजकूर, हेल्मेट, साध्या वेशातल्या माणसाचे बूट, गाडीची नंबरप्लेट, जे दिसेल ते घ्या. एकदा दुकानाची पाटी किंवा चौकाचं नाव येऊ द्या. झूम करून फोन हलवत बसू नका. आणि मध्ये थांबवू नका, कारण तुकड्यांमध्ये काय गाळलं हा समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्न असतो. 2020 मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाला, तेव्हा पोलिसांच्या पहिल्या निवेदनात ‘वैद्यकीय कारणाने’ अशीच भाषा होती. सतरा वर्षांच्या डार्नेला फ्रेझरने पदपथावर उभं राहून सलग चालू ठेवलेल्या रेकॉर्डिंगपुढे ती टिकली नाही. फोनला बोटाचा ठसा नको, पिन ठेवा. बोट धरून दाबता येतं.

प्रश्न : माझ्याकडे असाच एक व्हिडिओ आहे. लगेच सोशल मीडियावर टाकू की वकिलाला देऊ?

उत्तर : आधी वकिलाला. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल आकसते आणि तिच्यातली वेळ-तारखेची माहिती गळते. पाठवायचीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. गाणं लावलेली, लाल गोल काढलेली रील तर कोर्टात नेऊच नका.

सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे ज्या फोनवर शूटिंग झालं तो फोन आणि साक्षीला उभा राहणारा त्याचा मालक. जालन्याच्या निवडणुकीवरून खोतकर आणि गोरंट्याल यांच्यात झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हेच सांगितलं : मूळ उपकरणच हजर केलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागत नाही, नुसती प्रत दिली तर ते सक्तीचं. आता ते प्रमाणपत्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) कलम 63 खाली येतं. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली की बदलणारा, तिची ओळख पटवणारा आकडा) लिहावी लागते आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. त्यामुळे नवा फोन घेतला म्हणून जुना एक्स्चेंजला देऊन टाकू नका.

टाकायचंच ठरलं तर प्रतीवर काम करा आणि मोर्च्यातल्या लोकांचे चेहरे पुसट करा. तुम्ही पोलिसांविरुद्ध टाकलेला व्हिडिओ पाहून मागच्या रांगेतल्या मुलाला नोटीस जाऊ शकते. जखमी माणसाला विचारल्याशिवाय त्याचा चेहरा दाखवू नका. वर्दीतल्याचा चेहरा झाकायचं कारण मला दिसत नाही. त्याच्या घरचा पत्ता, बायकोमुलांचे फोटो मात्र कुणी कमेंटमध्ये टाकले तर त्याच दिवशी काढा.