युंगायची माती आणि गोदामातला ओलावा

तुमची पोस्ट वाचून जुनी जखम उघडी पडली. चिलीतल्या अटाकामा वाळवंटाच्या अतिकोरड्या युंगाय भागातून आणलेले तुमचे मातीचे सॅम्पल आयातीच्या क्लिअरन्समध्ये अडकले, आता सिक्वेन्सिंगमध्ये (मातीतला डीएनए वाचून पाहताना) बॅसिलसच्या कुळातले जीवाणू भरभरून दिसताहेत, आणि तुमचे गाइड म्हणतात ‘वाळवंटाचा गाभा जिवंत आहे’ असा पेपर लिहून टाका. माझं मत विचाराल तर आत्ता लिहू नका.

ग्लोव्हज, निर्जंतुक चमचे वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही. खरा घोळ खोक्याच्या प्रवासात असतो.

आमचं खोकं असंच एका तपासणी कार्यालयात अडकलं होतं. नाव घेत नाही. एका फॉर्मवर ‘माती’, दुसऱ्यावर ‘भूगर्भीय नमुने’, आणि दोन्ही शब्द त्यांच्याच यादीतले. एवढ्यावरून फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. फोन केला की साहेब रजेवर. कोरडं ठेवा असं खोक्यावर ठळक लिहिलेलं, सोबत पत्रही होतं. तरी फॉइलची पाकिटं कापली, साधी चिकटपट्टी लावली आणि दमट गोदामात ठेवून दिली. खोकं हाती आलं तेव्हा ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले होते, म्हणजे आत ओल शिरली होती, आणि नमुन्यातले मिठाचे खडे कडांना ओलसर होऊन पाकिटाला चिकटले होते. अख्ख्या मोसमाचं काम त्या चिकटपट्टीने घालवलं. आजही राग येतो.

शेतातल्या मातीचं यात फारसं बिघडलं नसतं. युंगायच्या मातीचा सगळा प्रश्नच पाण्याचा आहे. 2003 साली नवारो-गोन्झालेस आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं की तिथल्या मातीतून डीएनए निघालाच नाही, मंगळावर जीवसृष्टी शोधायला गेलेल्या व्हायकिंग यानांच्या निकालांशी त्यांनी तुलना केली. पुढे 2018 मध्ये शुल्झे-माकुख यांच्या गटाने दाखवलं की 2015 च्या दुर्मीळ पावसानंतर तिथे सूक्ष्मजीव सक्रिय होते आणि पुढच्या दोन वर्षांत माती वाळत गेली तशा त्यांच्या खुणा कमी होत गेल्या. म्हणजे ओल कधी आली यावर सगळा युक्तिवाद उभा आहे. तुमच्या मातीला ओल युंगायमध्ये मिळाली की गोदामात, हे पेपर तपासणारा रिव्ह्यूअर पहिल्या फेरीतच विचारेल.

नुसत्या दमट हवेने बॅसिलस वाढत नाही, हे मान्य. पण दिवसा तापणाऱ्या आणि रात्री गार पडणाऱ्या गोदामात पाकिटाच्या आत दव धरतं, आणि बॅसिलसच्या बीजाणूंना (सुप्त, टणक रूपातल्या पेशींना) जागं व्हायला तेवढं पुरू शकतं. मिठाचं तर विचारूच नका. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की ते स्वतःच पाणी ओढून विरघळू लागतं. युंगायच्या मिठाच्या खडकांत सायानोबॅक्टेरिया (सूर्यप्रकाशावर जगणारे जीवाणू) तग धरतात ते याच गुणावर.

पेशीच्या आतला आणि बाहेर सुटलेला डीएनए वेगळा काढा, असं कुणीतरी सुचवेलच. काढा, पण त्यातून जुना मेलेला माल बाजूला पडेल. जिवंत पेशी कुठे वाढल्या ते कळणार नाही. त्यापेक्षा न कापलेलं एखादं पाकीट उरलं असेल तर त्यातली थोडी माती मुद्दाम तशाच ओलाव्यात ठेवा, उरलेली कोरडी, आणि दोन्हींचं सिक्वेन्सिंग एकत्र करा. ओल्या भागात बॅसिलस वर आला तर उत्तर मिळालं. न कापलेलं एकही पाकीट नसेल तर, कठोर वाटेल, पण त्या डेटावरून ‘जिवंत’ हा शब्द मी वापरू देणार नाही.

पुढच्या वेळी आर्द्रता नोंदवणारा डेटा लॉगर खोक्याच्या आत टाका, बाहेर नको. प्रत्येक खड्ड्यातल्या सॅम्पलचा एक भाग जागेवरच डीएनए टिकवणाऱ्या द्रावणात घाला. शक्य असेल तर एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे मातीतून डीएनए काढणं, त्याच देशातल्या सहकाऱ्यांच्या लॅबमध्ये उरकून फक्त डीएनए आणा. माती आणण्याचे नियम देशागणिक वेगळे असतात आणि मी कायद्याची जाणकार नाही, तेव्हा परवानगीचं तुमच्या संस्थेतच लेखी विचारून घ्या. तोंडी होकारावर जाऊ नका. काही ठिकाणी माती आत घेताना उष्णता देणं किंवा गॅमा किरणांनी निर्जंतुक करणं बंधनकारक असतं, तेही आधीच विचारा.

जाता जाता: फ्रीजरमधलं पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर लॅबमध्येच दव पडेल. आणि ब्लँकमध्ये (माती न घालता केलेल्या चाचणीत) रॅल्स्टोनिया, ब्रॅडीरायझोबियम हे जीवाणू दिसतात का तपासा. ते बऱ्याचदा डीएनए काढायच्या किटमधूनच येतात. ब्लँकची यादी इथे टाकलीत तर बघून सांगते.