एमएला ऑस्ट्रेलियन कादंबरीचा पेपर घेऊ का? आदिवासी आणि गोरे लेखक एकत्र वाचायला जड जातं का?

बिनधास्त घे. मीपण पुण्यातच एमए केलं, घाबरत घाबरतच हा पेपर घेतला होता. जड नाही जात, फक्त वाचायचा क्रम नीट लाव. आधी १९९२ चा माबो निकाल समजून घे, त्यात तिथल्या हायकोर्टाने (तिथलं सर्वात वरचं कोर्ट तेच) 'ही जमीन कुणाचीच नव्हती' हे ब्रिटिशांचं म्हणणं मोडीत काढलं, ते डोक्यात बसलं की केट ग्रेनव्हिलची 'द सीक्रेट रिव्हर' (२००५) वाच, ती बाहेरून येऊन जमीन बळकावणाऱ्या माणसाच्या बाजूची, आणि लगेच किम स्कॉटची 'दॅट डेडमन डान्स' (२०१०), ते स्वतः नूंगार या तिथल्या आदिवासी समाजातले आहेत त्यामुळे गोऱ्यांशी झालेली गाठभेट इथे किनाऱ्यावर उभं राहून दिसते.

माझी लाडकी मात्र टॅरा जून विंचची 'द यील्ड' (२०१९). त्यात आजोबा मरायच्या आधी आपल्या विराजुरी भाषेचा शब्दकोश लिहून ठेवतात. ते वाचताना मला जुन्नरच्या आजीची 'कणगी' (धान्य साठवायची मोठी टोपली) आठवली, आमच्या कोथरूडच्या घरात आता हा शब्द कुणीच वापरत नाही.

आणि हो, पेपरात नुसतं 'आदिवासी' लिहून सोडू नकोस, नूंगार, विराजुरी असं लेखकाच्या समाजाचं नाव लिही.