४५ दिवसांचं पिल्लू आणि ‘तक्रार चालणार नाही’ची चिठ्ठी

प्रश्न: मी साताऱ्यात शिवणकाम करते. मुलीला लहान जातीचा कुत्रा हवा होता, पण दुकानातले भाव परवडणारे नव्हते. मोबाइलवर जाहिरात पाहून पुण्याच्या एका माणसाकडून शिह त्झूचं पिल्लू ९,५०० रुपयांत घेतलं. २,००० यूपीआयने आधी पाठवले, ७,५०० रोख दिले. स्वारगेटला गाडीतून त्याने खोक्यात घालून पिल्लू दिलं, ४५ दिवसांचं आहे म्हणाला. एका चिठ्ठीवर ‘पाहून घेतले, तक्रार चालणार नाही’ अशी सही घेतली. बिल दिलं नाही, फक्त लसीचं कार्ड दिलं. तिसऱ्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी किटवर तपासून पार्व्हो, म्हणजे आतड्यांचा विषाणूजन्य रोग, सांगितला. सहा दिवस सलाईन लावलं, मुलगी रात्रभर बाटली धरून बसली, १४,२०० रुपये खर्च झाले, पिल्लू गेलं. विकणारा म्हणतो, जिवंत प्राण्याची गॅरंटी नसते, हवं तर दुसरं पिल्लू निम्म्या किमतीत घ्या. पैसे परत मिळतील का? दुसरं पिल्लू घ्यावं का? ओळखीचं एक कुटुंब त्यांचा चार वर्षांचा पॉमेरियन फुकट द्यायला तयार आहे. त्याचं काही लिहून घ्यावं लागतं का?

उत्तर: ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण त्याला उशीर चालणार नाही. ते निम्म्या किमतीचं पिल्लू घेऊ नका. भरपाई म्हणून तुम्ही ते घेतलंत, तर करार कायद्याच्या कलम ६३ नुसार ‘यांनी समाधान मानून घेतलं’ असं उद्या विकणारा म्हणू शकतो, आणि तुमचा दावा तिथेच अडकतो. शिवाय पार्व्होचा विषाणू जागेवर कित्येक महिने टिकतो. विकणाऱ्याच्या जागेत तो बहुधा असणारच, आणि आता तुमच्या घरातही असेल. कोवळं, लसी पूर्ण न झालेलं पिल्लू या घरात आणणं म्हणजे पुन्हा तेच सहा दिवस.

आता पैशांचं. तुमची बाजू भक्कम आहे, आणि ती भक्कम करणारी गोष्ट त्यानेच स्वतःच्या तोंडाने सांगितली आहे: ४५ दिवस. कुत्र्यांची पैदास आणि विक्री याबद्दल केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केलेले. त्यांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. पिल्लांची पैदास करून विकणाऱ्याने, मग तो घरातल्या खोलीत का करत असेना, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी. विकण्याआधी पिल्लाला मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली ओळखीची बारीक चिप, हवी, लसीकरणाच्या नोंदी हव्यात. खोक्यातून, रस्त्यावर, बिलाशिवाय दिलेल्या पिल्लाच्या बाबतीत यातलं काय पाळलं गेलं?

हा ५६ दिवसांचा आकडा उगाच ठरलेला नाही. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती याच सुमारास ओसरत असते आणि लसीची अजून तयार झालेली नसते. त्यात पिल्लाला आईपासून तोडून, खोक्यात घालून तीन तास प्रवास करवला, तर रोगाला वाट मोकळी मिळते. लहान जातीचं पिल्लू या वयात तळहातावर मावतं, गोंडस दिसतं, पटकन विकलं जातं आणि विकणाऱ्याचा खाण्या-लसींचा खर्च वाचतो. त्या बचतीची किंमत तुमच्या मुलीने रात्रभर सलाईनची बाटली धरून मोजली. याची मला मनापासून चीड येते.

दाद मागायची ती ग्राहक आयोगात. कायद्याच्या भाषेत पिल्लू ही ‘वस्तू’ आहे. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, तक्रारीत तो शब्द लिहिताना मलाही जड जातं, पण त्या शब्दामुळेच तुम्ही ‘ग्राहक’ ठरता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्याच्या जिल्हा आयोगात, तक्रार करता येते. पुण्याला खेटे घालायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, अडलं तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर विचारा. मुदत दोन वर्षांची आहे, पण पुरावे तेवढे थांबत नाहीत. मागणी करताना पिल्लाचे ९,५०० आणि उपचारांचे १४,२०० मिळून २३,७००, त्यावर व्याज, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च असं लिहा. त्रासाचा आकडा माफक ठेवा, लाखांत गेलात की बाकीच्या खऱ्या आकड्यांकडेही संशयाने पाहिलं जातं.

चिठ्ठीवरची सही हा तुमचा कच्चा दुवा आहे, तो लपवू नका. तक्रारीत तुम्हीच आधी सांगा. त्याला उत्तर असं: ‘पाहून घेतलं’ म्हटलं तरी आतड्यातला विषाणू डोळ्यांना दिसत नाही. जी विक्री नियमानेच करायची नाही, ती तुमच्या सहीने कायदेशीर होत नाही. आणि बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्यातच अनुचित व्यापारी प्रथा म्हटली आहे.

त्याचा वकील दोन गोष्टी नक्की म्हणेल. एक, रोग तुमच्या घरी लागला. दोन, आमचे अशील व्यापारी नाहीत, घरच्या कुत्रीची पिल्लं एकदाच दिली. पहिलीसाठी तुमच्या डॉक्टरांचं पत्र लागेल. पार्व्होची लक्षणं साधारणपणे संसर्गानंतर तीन ते सात दिवसांनी दिसतात. तिसऱ्याच दिवशी रक्ताचे जुलाब म्हणजे संसर्ग बहुधा विक्रीच्या आधीचा, एवढं मत त्यांनी लेटरहेडवर, तारीख, सही आणि नोंदणी क्रमांकासह लिहून द्यावं. घरी आधी कुत्रा नव्हता हेही त्यात यावं. तपासणीच्या किटचा फोटो असेल तर उत्तम. शवविच्छेदन झालं असतं तर अजून बरं झालं असतं, पण नाही म्हणून दावा पडत नाही.

दुसरीसाठी आज रात्रीच त्याच्या सगळ्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट काढा, तारखेसकट. दर महिन्याला वेगळ्या जातीची पिल्लं विकणाऱ्याला ‘एकदाच दिली’ म्हणता येणार नाही. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका, फोनही बदलू नका. ‘येताना बाकीचे साडेसात आणा’ अशा धर्तीचा एखादा मेसेज असेल, तर रोख रकमेचा तोच पुरावा. त्या दिवशी एटीएममधून पैसे काढले असतील, तर पासबुकातली नोंद जोडा. आणि ते लसीचं कार्ड नीट पाहा. त्यावर बाटलीचं स्टिकर असेल, पण डॉक्टरचा शिक्का-सही नसेल, तर ते कार्ड जिवापाड जपा. लस न देता दिल्याचं दाखवलं असं निघालं, तर मामला नुसत्या भरपाईचा राहत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार तुम्ही पोलिसांत देऊ शकता. ते सिद्ध होत नाही तोवर मात्र पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवण्यात शक्ती घालवू नका.

खरी अडचण पत्त्याची आहे. नोटीस पाठवायची कुठे? त्याला एका ओळीचा मेसेज करा: ‘तुमचा नोंदणी क्रमांक आणि कुत्रे ठेवता तो पत्ता कळवा.’ दिला तर काम झालं, टाळला तर ते टाळणंही पुरावा आहे. मग यूपीआयवर दिसलेलं नाव, मोबाइल नंबर आणि व्यवहाराचा क्रमांक देऊन तक्रार करा आणि बँकेकडून तपशील मागवण्याचा अर्ज सोबत जोडा. कागदपत्रं हजर करायला लावण्याचा अधिकार आयोगाला आहे. पत्ता मिळाला तर आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. बरेचजण तिथेच पैसे परत करतात. एक प्रत पशुसंवर्धन खात्यामार्फत राज्य प्राणी कल्याण मंडळाला द्या. १९६० च्या मूळ प्राणी कायद्यातला दंड १० ते ५० रुपये इतका जुना आणि तोकडा आहे, पण त्या जागेत अजून पिल्लं असतील आणि कुणीतरी तिथे जाऊन पाहायला हवं.

पॉमेरियनबद्दल मात्र मी मनापासून ‘हो’ म्हणेन. लसी पूर्ण झालेला मोठा कुत्रा तुमच्या घरात पिल्लापेक्षा कितीतरी सुरक्षित, तरी आणण्याआधी डॉक्टरांना विचारून फरशी ब्लीचने नीट धुऊन घ्या. कुत्रा दत्तक घेण्याचा वेगळा कायदा नाही. ही जंगम वस्तूची भेट आहे, आणि ती ताबा देऊन-घेऊन पूर्ण होते. स्टॅम्प पेपर लागत नाही. तरीही साध्या कागदावर लिहून घ्या: कुत्र्याचं नाव, रंग, अंदाजे वय, नसबंदी झाली आहे का, शेवटची रेबीजची लस कधी दिली, कोणतं औषध चालू आहे, पूर्वी कुणाला चावला आहे का. चावण्याचं मुद्दाम विचारा, कारण उद्या निष्काळजीपणाने कुणाला इजा झाली तर न्याय संहितेच्या कलम २९१ खाली जबाबदारी तुमच्यावर येते. ‘आजपासून मालकी यांची, परत मागणार नाही’ हे वाक्य, दोन्हीकडच्या सह्या आणि दोन साक्षीदार घ्या. मग नगरपालिकेत नोंद करा. भाड्याचं घर असेल तर करारात पाळीव प्राण्याबद्दल काय म्हटलंय तेही वाचा.

हे कुटुंब ओळखीचं आहे म्हणून बरं. अनोळखी माणूस ‘दत्तक फुकट, फक्त गाडीभाडं आधी पाठवा’ म्हणाला, तर एक रुपयाही पाठवू नका, आणि पाठवून बसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा. कुत्रा समोर पाहिल्यावर नसबंदी-लसींचा खर्च कुणी पावती देऊन मागितला, तर त्यात गैर काही नाही.

डॉक्टरांकडे मात्र याच आठवड्यात जा. पिल्लाची केस त्यांच्या लक्षात ताजी आहे तोवरच ते पत्र नेमकं लिहून मिळेल.