चिन्ह उलटं पडतं, म्हणजे डिसकॅल्क्युलिया का?

‘पेक्षा मोठे’ आणि ‘पेक्षा लहान’ ही चिन्हं मूल उलटसुलट लिहितं, म्हणून धास्तावलेले पालक माझ्याकडे नेहमी येतात. बरेचसे मोबाइलवर वाचून आलेले असतात आणि मनात डिसकॅल्क्युलियाचं, म्हणजे आकडे आणि हिशेब समजण्यात येणाऱ्या अध्ययन अक्षमतेचं, निदान जवळजवळ पक्कं झालेलं असतं. अकरावी कॉमर्सच्या एका मुलीची आईही अशीच आली, मुलीचा चाचणीचा पेपर घेऊन. संख्यारेषेवरचा आलेख बघून असमानता लिहायची होती आणि दहापैकी चार गुण पडले होते. “मॅडम, दहावीपर्यंत ही गणितात कधी अडली नाही. आता चिन्हंच कळेनात.” मुलगी मान खाली घालून बसली होती.

मी पेपर नीट पाहिला. −२ वर भरीव ठिपका (म्हणजे −२ धरून), बाण उजवीकडे: तिचं उत्तर क्ष ≥ −२, बरोबर. ५ वर पोकळ वर्तुळ (म्हणजे ५ सोडून), बाण डावीकडे: क्ष < ५, तेही बरोबर. पुढच्या आलेखात −३ वर पोकळ वर्तुळ, ४ वर भरीव ठिपका आणि मधला भाग जाड. तिथे तिने लिहिलं होतं, −३ > क्ष ≤ ४. दुसरं चिन्ह बरोबर, पहिलं उलटं. पेपरभर हेच. संख्या आधी आणि क्ष नंतर आला की चूक, एरवी नाही.

“चिन्ह कसं ठरवतेस?”

“बाण जिकडे, चिन्हाचं टोक तिकडे. क्लासमध्ये तसंच सांगितलंय.”

क्ष डावीकडे असेपर्यंतच ही युक्ती चालते. जागा बदलली की दगा देते, आणि मुलांना वाटतं आपलंच डोकं चालत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

तिला म्हटलं, “जाड भागातली कुठलीही एक संख्या घे.” तिने १ घेतला. “आता क्षच्या जागी तो ठेवून मोठ्याने वाच.”

“उणे तीन मोठे एकापेक्षा… नाही, नाही!” तिने स्वतःच खोडून −३ < क्ष ≤ ४ केलं.

भरीव ठिपका कुठे आणि पोकळ वर्तुळ कुठे, यासाठी रेल्वेच्या हाफ तिकिटाचं उदाहरण घेतलं. पाच पूर्ण झाली की हाफ, बारा पूर्ण झाली की फुल. तिने ५ वर भरीव ठिपका दिला, १२ वर पोकळ वर्तुळ काढलं आणि खाली लिहिलं: ५ ≤ क्ष < १२.

“मग तपासणी नको?” आईने विचारलं. मी सांगितलं, डिसकॅल्क्युलिया अकरावीत एका धड्यापुरता उगवत नाही. लहानपणापासून साध्या बेरजा, स्थानिक किंमत, घड्याळ, सुटे पैसे यांत भरपूर सराव करूनही मूल अडत असेल, तर मानसशास्त्रज्ञांकडून तपासणी जरूर करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे त्यात लपवण्यासारखंही काही नाही. या मुलीला मात्र मी तपासणी सुचवली नाही. प्रत्येक उत्तराखाली जाड भागातली एक आणि बाहेरची एक अशा दोन संख्या ठेवून बघायच्या, एवढंच काम दिलं.