स्नोमोबाइलला रुंद किट बसवल्यावर स्की भटकतात? माणूस बसवून मोजा

"रुंद ए-आर्म लावल्यापासून सपाट ट्रेलवर ठीक चालते, पण उंचवटा आला की हँडल हिसका देतं, आणि दुकानवाला म्हणतो अलाइनमेंट बरोबर आहे." तुमचं हे वाक्य वाचलं आणि माझे वाया गेलेले दोन हिवाळे आठवले. माझीही माउंटन स्लेड, म्हणजे डोंगरातल्या खोल बर्फाची स्नोमोबाइल, दोन स्कींमधलं अंतर ३६ इंच; तिला ४२ इंची किट, म्हणजे स्की आणखी बाहेर नेणारे लांब ए-आर्म (स्कीला गाडीशी जोडणारे, वर-खाली हलणारे दांडे). मी राहतो मिशिगनमधल्या हॉटनला. १९७८-७९ च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच बर्फ पडल्याची खूण आमच्या किवीनॉ द्वीपकल्पात रस्त्याकडेला उभी आहे. इथे स्लेड गॅरेजात ठेवायची म्हणजे पंढरपुरात राहून विठोबा न बघण्यासारखं.

हँडल मधोमध बांधणं, टाय-रॉडच्या (हँडलचं वळण स्कीपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) एका टोकाचे उलटे आटे, लॉकनट, हे तुम्हाला येत असणारच. मुद्द्याचं सांगतो.

मी गाडी एका दुकानात नेली. नाव घेत नाही. त्यांनी पुढची बाजू उचलून, स्की लोंबकळत ठेवून मोजमाप केलं, 'टो-आउट ५ मिमी, ओके' (म्हणजे स्कीची पुढची टोकं मागच्यापेक्षा ५ मिमी बाहेर) असं बिलावर लिहिलं आणि नवे कार्बाइड, म्हणजे स्कीखालच्या बर्फात रुतणाऱ्या धारदार पट्ट्या, लावले. हिसका तसाच. परत गेलो, परत कार्बाइड. तीनदा! आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. चौथ्यांदा गेलो तर म्हणे, मॉडिफाइड गाडी आहे, आमची जबाबदारी नाही. पैसे घेताना ती मॉडिफाइड नव्हती वाटतं.

शेवटी एका रविवारी बायकोला जाड जॅकेटसकट सीटवर बसवलं आणि गॅरेजात स्वतः टेप धरला. ५ मिमी बाहेर असलेल्या स्की ९ मिमी आत वळलेल्या! तिनं विचारलं, "माझं वजन जास्त आहे का?" उत्तर दिलं नाही.

चूक माझीच होती. किट बसवताना टाय-रॉडचा रॉड-एंड (टोकाचा फिरता सांधा) मी स्पिंडलच्या (स्की जिच्यावर बसते त्या उभ्या दांड्याच्या) आर्मखाली लावायचा तो वर लावला होता. ए-आर्म आणि टाय-रॉड वर-खाली होताना आपापला कंस काढतात. कंस जुळले नाहीत की प्रत्येक उंचवट्याला स्की आपोआप वळते आणि हिसका हँडलला बसतो. कंपनीच्या मूळ गाडीत हे कंस आधीच जुळवलेले असतात, म्हणून उचलून मोजलं तरी चालून जातं. आपल्या गाडीत ते गृहीत धरू नका.

मी तपासलं ते असं: पुढची बाजू स्टँडवर पक्की टेकवली, शॉकचा खालचा बोल्ट आणि स्वे-बारची (दोन्ही बाजूंची सस्पेन्शन एकमेकींना जोडणाऱ्या दांड्याची) लिंक काढली, स्कीखाली जॅक लावून एकेक इंच वर घेत दर वेळी मोजलं. ट्रॅकच्या (गाडीखालच्या फिरत्या पट्ट्याच्या) कडेला लांब सरळ पट्टी लावायची आणि स्कीच्या बोल्टापासून पुढे-मागे सारख्या अंतरावर पट्टी ते कार्बाइड मोजायचं. प्लॅस्टिकची कड धरू नका, ती वाकडी असते. दोन्ही स्कीची टोकं बंजी दोरीनं एकमेकींकडे ओढून ठेवा, म्हणजे सांध्यांतला ढिलेपणा आकड्यात शिरत नाही. रॉड-एंड खाली घेतल्यावर पूर्ण प्रवासात फरक २ मिमीच्या आत आला. मग माणूस बसवून दोन्ही मिळून ३ ते ६ मिमी बाहेर ठेवलं. टो-इन, म्हणजे टोकं आत वळलेली, मात्र अजिबात नको, असं माझं ठाम मत आहे.

मी पेशानं मेकॅनिक नाही. तुमच्या किटच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं, विशेषतः रॉड-एंड वर की खाली आणि आटे किती आत हवेत याबाबत. आटे कमी पकडले तर टाय-रॉड निसटतो, आणि तेव्हा तुम्ही गोठलेल्या तळ्यावर असाल.

आणि हो, सपाटीवरही गाडी दुसऱ्यांच्या कार्बाइडच्या चरांत शिरत असेल तर ते दुखणं निराळं. त्याला स्की आणि स्पिंडल यांच्यामधला रबर आणि लिमिटर स्ट्रॅप (मागच्या सस्पेन्शनचा पुढचा भाग किती खाली उतरेल ते ठरवणारा पट्टा) बघा. तूर्तास स्की लोंबकळताना आणि माणूस बसल्यावर, असे दोन्ही आकडे इथे टाका. फोटोत रॉड-एंडची बाजू दिसू द्या.